फळा बंद करायची सिस्टिम

३ जानेवारी १९९९, डोंबिवली
संकल्प: ठाण्याच्या कोळीवाड्यातला मंडळाचा फळा बंद करणे. बत्तीस वर्षं बाबा त्यावर रोज सकाळी खडूने लिहितात. भरतीची वेळ, मयत, मीटिंग. होड्या उरल्यात चार. आता मंडळाची वेबसाईट. मजकूर भरायची सिस्टिम मी स्वतः लिहिणार, तयार काही घेणार नाही. २६ जानेवारीला उद्घाटन.

१७ जानेवारी
मंडळात डेमो दिला. कागदावर, कारण तिथे कॉम्प्युटर नाही. सेक्रेटरी गोमाजीकाकांनी विचारलं, कोणीपण कायपण लिहील, त्याचं काय? म्हटलं, मंजुरीशिवाय एक अक्षर दिसणार नाही. सगळे खूश. शेवटची मंजुरी कोणाची, यावर दोन तास. अखेर सर्वानुमते बाबांची, म्हणजे धाकू नामा यांची, वयाने मोठे म्हणून. बाबांनी कीबोर्ड पाहिलेला नाही. किरकोळ बाब.
निघताना बाबा म्हणाले, हात कापतान, चार दिस तू येऊन लिव. म्हटलं, उद्घाटनानंतर लिहायची गरजच नाही.

२६ जानेवारी
उद्घाटन पाडव्याला. घाईत क्वालिटी जाते.

९ फेब्रुवारी
परवा बाबांना घरी आणून पासवर्ड ठरवायला लावला. विसरू नये म्हणून परत जाऊन त्यांनी तो फळ्यावर लिहिला, भरतीच्या वेळेखाली. आज पुन्हा आणलं. दुसरा ठरवला. टाईप करताना मला तोंड फिरवायला लावलं. कोणालाच सांगणार नाही म्हणाले, मलाही नाही. शिकले.

२ मार्च
आता मलासुद्धा मंजुरी ओलांडता येत नाही. याला म्हणतात सिक्युरिटी.
मालन कोळीवाड्यात जाऊन आली. सांगत होती, बाबा भिंतीला धरून लिहितात, तुम्ही एकदा जा. बायकोला टेक्नॉलॉजी समजावणं कठीण. म्हटलं, अगं, त्यांचा त्रास वाचावा म्हणूनच तर बसलोय.

१८ मार्च, पाडवा
मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन दिसतात. उद्घाटन अक्षय्य तृतीयेला, १८ एप्रिल. फायनल. मंडळाला फोन केला. बाबांनी नवी तारीख लगेच फळ्यावर टाकली म्हणे.

११ एप्रिल
गोमाजीकाकांचा फोन. बाबा अंथरुणात आहेत, फळ्यावर आठवडाभर तेच आहे, उत्तम, एक दिवस ये रे. पुढच्या रविवारी येणारच आहे, उद्घाटनाला. अजून सहा चुका बाकी.

१४ एप्रिल
टेस्ट म्हणून एक सूचना भरली. मंजुरीसाठी थांबली. म्हणजे सिस्टिम चालते.

१७ एप्रिल, सकाळी ७
बाबा गेले. पहाटे.
मालन रडते आहे. मला काही वाटत नाही. वाटायला हवं. काहीतरी करावं म्हणून कॉम्प्युटर लावला. सूचना भरली: नाव, वय, अंत्ययात्रा अकरा वाजता. बटण दाबलं.
उत्तर आलं: हा मजकूर धाकू नामा यांच्या मंजुरीसाठी थांबला आहे.
परत भरली. परत तेच. तिसऱ्यांदाही भरली.

१७ एप्रिल, संध्याकाळ
पोचलो तेव्हा माणसं फळ्याजवळ उभी होती. मयत लिहिलेली नव्हती. गोमाजीकाकांनी खडू माझ्या हातात दिला. म्हणाले, तुझं काम, आम्ही कसं लिवणार.
फळ्यावर बाबांचं अक्षर. ओळी वर-खाली गेलेल्या. ‘वेबसाईट उद्घाटन १८ एप्रिल. माझा उत्तम करतो आहे. सर्वांनी यावे.’
दुसरीकडे जागा नव्हती. पुसलं. लिहिलं. सगळे आले.

१९ एप्रिल
थांबलेला मजकूर: चार.
आज फळ्यावर फक्त तारीख टाकून आलो. मालनने विचारलं, भरती? भरतीची वेळ कशी काढतात, ते बाबांना विचारायचं राहिलं.