दारावरचा लाल दिवा

४ ऑगस्ट २००९, मंगळवार

माझ्या यतीनने वरच्या खोलीच्या दारावर लाल दिवा बसवला. घरातच ऑफिस मांडलंय, आता दिवाही. तो पेटला की बोलायचं नाही, मिक्सर नाही, कुकर तर नाहीच. कारण कोण — मी! गेल्या आठवड्यात त्याची मीटिंग चालली होती. मी जिन्यातून विचारलं, "तो टकल्या अजून डोकं खातोय का रे?" साहेब गोरा, त्याला काय कळणार. पण मीटिंगमध्ये पुण्याचा राजीव होता, तो खो खो हसला.

टकल्याला टकल्या म्हटलं, त्यात माझं काय चुकलं?

६ ऑगस्ट

दिवा लागतो कसा, ते विचारलं. यतीनला कुणी विचारलं की आनंद होतो, बायको विचारत नाही. म्हणाला, "मी प्रोग्राम लिहिलाय. तो कॉम्प्युटरला दर सेकंदाला विचारतो, माइक कुणी वापरतंय का? हो म्हटलं की दिवा."

"आणि पलीकडे ऐकतंय कोण, तेही सांगतो?"

"ते नाही कळत, आई. माइक चालू आहे, एवढंच कळतं."

म्हणजे अर्धवटच. एवढं शिकून हे दिवे लावले. मी चौथी शिकले, पण दाराबाहेर उभी राहून आत माणसं किती ते सांगते.

११ ऑगस्ट

वरण कच्चं. दिवा.

१९ ऑगस्ट

आता दिवा सकाळी नऊला लागतो तो पाचला विझतो. अनुष्काला शाळेची सुट्टी. सहा वर्षांची नात मला दटावते — "आजी, शू, दिवा लागली." घर आहे की दवाखाना. सून अक्षया लायब्ररीतल्या कामावरून येते, तीही चपला हातात घेऊन जिना चढते. मला म्हणते, "आई, मंदी आहे, लोकांच्या नोकऱ्या जातायत. त्याला काम करू द्या." करू दे की. मी काय त्याचा माइक खातेय?

अक्षयाचं एक कळत नाही. एवढी हुशार बाई, नवऱ्याच्या बाबतीत मात्र दिव्यावर विश्वास.

२४ ऑगस्ट

धुतलेले कपडे ठेवायला वर गेले. दिवा लाल. दाराशी थांबले — चोरून नाही, गुडघे दुखतात म्हणून. आत चकार शब्द नाही. पूर्वी याचं "येस, येस" खाली स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

३१ ऑगस्ट, सोमवार

बँक हॉलिडे, इंग्लंडातली सार्वजनिक सुट्टी. सगळं रीडिंग गाव घरी लोळतंय. आमचा दिवा लाल. अक्षयाने विचारलं तर म्हणे, "अमेरिकेची मीटिंग आहे, त्यांना कुठली सुट्टी?" ती पोरीला घेऊन एकटीच पार्कात गेली. मी अर्धा तास जिन्यात बसले.

अमेरिकेची वाचा गेली असावी.

२ सप्टेंबर

चहा घेऊन सरळ आत गेले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ना माणूस ना कागद. एक हिरवी रेघ तेवढी. माझी कपबशी वाजली तशी रेघ उडाली.

यतीन कुजबुजला, "आई, मीटिंग चालू आहे."

"कुणाशी?"

 रेघ आडवी पडून राहिली. आवाज टेप करायचा प्रोग्राम उघडून ठेवला होता. म्हणजे माइक चालू, म्हणजे दिवा लाल, म्हणजे सगळं घर गप्प.

मग सांगितलं — नोकरी गेली. चौदा ऑगस्टला. व्हिसा त्याच कंपनीच्या नावावर. लवकर दुसरी मिळाली नाही तर बाडबिस्तरा गुंडाळायचा — अक्षयाची लायब्ररी, पोरीची शाळा, सगळं. दिवसभर अर्ज करतो. बायकोला पत्ता नाही.

"दुसरी मिळाली की सांगणार होतो. तू बोलू नकोस."

"कोंबडं झाकून ठेवलंस," मी म्हटलं, "आणि वर दिवा लावलास."

चहा प्यायला लावला. गार झाला होता. तरी प्याला.

३ सप्टेंबर

त्याला सांगितलं — रविवारच्या आत तू सांग. नाहीतर मी सांगेन, आणि माझ्या तोंडून ते कसं निघेल ते तुला माहीत आहे.

"ती घाबरेल गं."

"ती नाही घाबरत, तू घाबरतोस. तीन आठवडे झाले, बाई चपला हातात घेऊन चढतेय. कुणासाठी? त्या हिरव्या रेघेसाठी?"

तो परत अर्ज भरायला वळला. याचे वडीलही असेच. दुखणं अंगावर काढायचं आणि आम्ही विचारलं की पेपर उघडायचा.

५ सप्टेंबर

आज शनिवार, तरी दिवा. सगळं माहीत असून मी कुकर काढला आणि परत ठेवला. सवय लागली मेली.

६ सप्टेंबर, रविवार

सकाळी अक्षया जिना उतरली. चपला पायात, फटफट वाजवत. डोळे सुजलेले. हातात तो दिवा, वायरीसकट उपटलेला.

ओट्यावर ठेवला. म्हणाली, "आई, लावा कुकर."