बारा डबे आणि सूनबाईचं इंग्रजी

बिभीषणा,

मी सुंदरबाई. तुझी थोरली बहीण. ओळख सांगून ठेवलेली बरी, कारण गेल्या पंचमीला तू न्यायला येणार होतास, ती पंचमी होऊन आता दुसरी आठ दिवसांवर आलीय. अठ्ठावीस वर्षं तू माजलगावात पोरांना इंग्रजीतला भूतकाळ शिकवलास म्हणे. स्वतःचा मात्र पार विसरलास. असो. तुला, तुझ्या घरच्यांना आन् तुझ्या त्या मोडक्या कमरेला माझा भरभरून आशीर्वाद. कंबर कशी हाय? बस म्हणलं की बसती का? तुझ्या बायकोचं गुडघं, गाईचं वासरू, सगळं खुशाल असू दे. इकडं मी खुशाल हाय. लई खुशाल हाय! कावून ते पुढं सांगते. आधीच सांगितलं तर तू पत्र तिथंच घडी घालून ठेवशील आन् चष्मा शोधत फिरशील.

(फोन का केला न्हाई, तर फोनवर तू "हां अक्का, हां अक्का" म्हणतोस आन् ठेवल्यावर बायकोला विचारतोस की कुणाचा होता. कागद खिळ्याला टांगून ठेवता येतो.)

लिहायला आपली सूनबाई, सत्यशीला, बसलीय. मी बोलायली, ती लिहायली. माझं बोलणं ती सरळ करायला बघती. मी म्हणलं, बाई, भाकरी वाकडी झाली तरी माझीच राहू दे.

तर गोष्ट या सत्यशीलेचीच हाय. नऊ वर्षं झाली, ती आपल्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस हाय. पोरांचं नाक पुसायचं, खिचडी शिजवायची, झाडलोट करायची, आन् खुर्चीत बसायचं दुसरीनं. आता त्या खुर्चीवरच्या बाई निवृत्त व्हायल्यात. जागा हिला मिळू शकती, पण बारावी पास पाहिजे. बारावीचे सगळे विषय हिनं घरी बसून सोडवले, नुसतं इंग्रजी राहिलं. दोनदा राहिलं. जुलै सरायच्या आत सुटलं तर अर्ज, न्हाई तर बाहेरची कुणीतरी येऊन बसणार आन् आमची सून पुढची वीस वर्षं तिच्या पोरांची खिचडी ढवळणार. मी तुला संक्रांतीला निरोप धाडला की भावा, ये आन् हिला चार दिवस क्रियापदं सांग. तू म्हणलास येतो. तुझं ते येणं इंग्रजीत कुठल्या काळात बसतं, ते आम्हाला अजून सापडलं न्हाई.

मग आमची नात कामाला लागली. प्रियदर्शनी आता बीडला वसतिगृहात राहती, अकरावीला. एका रविवारी आली, स्वयंपाकघरातल्या फळीपुढं उभी राहिली आन् म्हणली, आजी, तुझे डबे किती? मी म्हणलं बारा. तर म्हणली, इंग्रजीतले काळ पण बाराच! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. माझ्या सासूनं जमवलेले डबे, साहेबाच्या देशात सुद्धा तितकेच भरले. तीन फळ्या, फळीला चार डबे. पोरीनं खडूनं भिंतीवर लिहिलं, वरची फळी काल, मधली आज, खालची उद्या. आन् प्रत्येक डब्यावर इंग्रजी वाक्याची एकेक चिठ्ठी डकवली. आईला म्हणली, मीठ घेताना वाच, हळद घेताना वाच, महिन्यात पाठ होतंय. पुस्तक ती तिच्या अभ्यासाला घेऊन गेली.

मला अक्षर येत न्हाई, पण कळतं सगळं. एका फळीवर चार डबे कशाला, ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं. मी भाकरी करते, हा पहिला. मी भाकरी करायलीय, हा दुसरा. मी भाकरी केलीय, खायला या, हा तिसरा. आन् मी सकाळपासून भाकरीच करायलीय आन् तुम्ही पारावर बसलाव, हा चौथा. हा चौथा काळ बायांसाठीच काढलेला दिसतो. तिकडच्या बाया पण चुलीपुढंच बसायच्या का रे?

क्रियापदांच्या जाती तर मी तुझ्यापेक्षा बऱ्या सांगितल्या. सूनबाई म्हणली, काही क्रियापदांना पुढं कर्म लागतं, काहींना न्हाई. मी म्हणलं, यात अवघड काय? तुझे सासरे होते तसली एक जात. पुढं ताट, तांब्या, पान, काहीतरी ठेवल्याशिवाय त्यांचं पुढं सरकायचं न्हाई. आन् तुझा नवरा अंगद, ती दुसरी जात. झोपतो, हसतो, बसतो. पुढं काही लागत न्हाई, झालं तेवढ्यात पुरं. (इथं सूनबाई लिहायची थांबलीय. लिही बाई, खरं हाय ते.) साहाय्यकारी म्हणजे पापड लाटायला येणाऱ्या गल्लीतल्या पोरी. त्यांचा पापड म्हणून वेगळा नसतो, पण त्या न्हाई आल्या तर तुझाही होत न्हाई. आन् ती नियम न पाळणारी क्रियापदं, जी काल एक असतात आन् आज वळखू येत न्हाईत, त्यांना सूनबाई लई घाबरायची. मी म्हणलं, अगं, तू माहेरी काय होतीस? चंद्रभागा. इथं मांडवात तांदळाच्या ताटात नाव बदललं आन् सत्यशीला झालीस. बाई तीच, काळ बदलला. त्या क्रियापदांचं पण लगीन झालंय म्हण आन् सोड.

असं सगळं झकास चाललेलं. चिठ्ठ्या लावल्या त्याच आठवड्यात, वैशाखात, सूनबाई भावाच्या लग्नाला माहेरी गेली. मी डाळींना ऊन दाखवलं, डबे घासून पुसून लख्ख केले आन् परत फळीवर मांडले. तेवढ्यात घात झाला. लिंबागणेशच्या देवळाकडून वानरांचा कळप आला, घरात शिरला आन् डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची उलथापालथ करून गेला. वानरंच ती. त्यांना काय काल आन् काय उद्या.

मला वाटलं, चिठ्ठ्या हायत न्हवं, मग झालं. सूनबाई आली आन् कंबर कसून पाठ करायला लागली. महिनाभर घरात इंग्रजीच इंग्रजी! चहा टाकताना इंग्रजी, लसूण सोलताना इंग्रजी. अंगद म्हणायला लागला, आई, हिला कुणाची नजर लागली का बघ. परीक्षेला आठ दिवस राहिले आन् प्रियदर्शनी आली. तिनं आईला पेपर लिहायला लावला, तपासायला घेतला, आन् पोरीचा चेहरा पडला. आईनं लिहिलेलं, मी काल स्वयंपाक करीन. मी उद्या स्वयंपाक केला. आज मात्र घरात कुणी काहीच करत न्हाई. पोरगी म्हणली, आई, हे काय? आई म्हणली, अगं तूच न्हाई का चिठ्ठीवर लिहिलंस? मला पण वाटलं चुकलं असेल, पण तू अकरावीत हायस, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पोरगी उठली ती सरळ फळीपुढं. "आजी! डबे कुणी हलवले?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, वानरं. अंगद काठी घेऊन दोन दिवस पत्र्यावर बसला. वानर एक आलं न्हाई, पण पत्रा वाकला.

सूनबाई त्या दिवशी जेवली न्हाई. म्हणली, मी पेपरला बसतच न्हाई, महिना गेला, आता काल कुठला आन् उद्या कुठला मलाच कळंना. अंगणवाडीतलं झाडू मारणंच माझ्या नशिबी हाय. बिभीषणा, मला ते ऐकवलं न्हाई. मी उठले, सगळ्या चिठ्ठ्या उचकटल्या आन् चुलीत घातल्या. म्हणलं, डब्याकडं बघू नको, माझ्याकडं बघ. मला वाचता येत न्हाई, तरी काल काय झालं आन् उद्या काय करायचं यात मी कधी घोटाळा केला का? सत्तर वर्षं काढली मी त्याच्यावर. आता तू हातानं जे करशील ते तोंडानं म्हण. आठ दिवस आम्ही दोघी तेच केलं. पीठ मळायली की म्हणायची मळायलीय. मळून झालं की म्हणायची झालंय. मी इकडून हटकायची, काल काय केलंस? उद्या काय करशील? ती इंग्रजीत सांगायची, मी मराठीत मान हलवायची. मला शब्द एक कळत न्हवता, पण ती अडखळली की मला कळायचं आन् मी म्हणायची, चुकलं, पुन्हा. पोरीनं पुस्तक परत आणलेलं, त्यात बघितलं की दरवेळी खरंच चुकलेलं निघायचं!

पेपरला बीडला मी सोबत गेले. आन् काल निकाल लागला. सत्तेचाळीस! पस्तीस लागतात, भावा, आन् पोरीनं सत्तेचाळीस आणले! अंगद मांजरसुंब्याहून पेढे घेऊन आला आन् अर्धे रस्त्यातच वाटून आला. सूनबाईनं आज सकाळी अर्ज भरला. मी रात्रीपासून हसायलीच हाय. चौथा काळ.

अंगठा इथं उठवलाय. डाग समजून पुसू नको.

तुझी अक्का,
सुंदरबाई

ता. क. वानरं न्हवती. डबे भिजत घातले, चिठ्ठ्या सुटल्या. मी त्या चाळणीवर वाळवल्या, कणकेची खळ केली आन् परत डकवल्या. कुणाला विचारायची लाज वाटली. मग मी माझं डोकं लावलं, लांब चिठ्ठी मोठ्या डब्याला, आखूड चिठ्ठी लहान डब्याला. दिसायला लई बेस दिसत होतं. सूनबाईचं वर्ष जाता जाता राहिलं ते माझ्या हातानं. हे मी तिच्याच हातानं लिहून घ्यायली, म्हणजे वेगळं सांगायला नको.

(मामा, ही ओळ माझी, सत्यशीलेची. डबे कुणी हलवले असं पोरीनं विचारलं, त्याच दिवशी मला कळलं होतं. वानरं खळ करत न्हाईत. पण आमच्या यांना पत्र्यावर बसलेलं बघून मला बरं वाटत होतं, म्हणून बोलले न्हाई.)

आणखी एक. तुला पत्र लिहिलं ते खरं तर यासाठी. लहानपणी तू शाळेतून यायचास, तुझी पाटी मी पुसायचे. रोज. त्याच्यावर काय लिहिलंय, ते मी कधी विचारलं न्हाई आन् तू कधी सांगितलं न्हाईस. पंचमीला येशील तेव्हा एक पाटी घेऊन ये. अंगदला कळू देऊ नको, म्हण की अंगणवाडीच्या पोरांसाठी आणलीय. तू यायच्या आधीच सूनबाईनं सुरुवात केलीय. ग झाला. ळ झाला, दोन कडबोळी शेजारी ठेवल्यासारखा असतो, मला तो लई आवडला. अक्षराच्या पायाला अडकवायची लांब शेपटी पण झाली. बाकी अजून कशाला हात लावला न्हाई.

आन् येताना खायला काय आणायचं, ते नीट ऐक. डब्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लाव. मी वाचल्याशिवाय झाकण उघडायचं न्हाई, अशी मी सूनबाईला आन् स्वतःला शपथ घातलीय. तेव्हा लाह्या नकोत, करंज्या नकोत, तुझ्या बायकोचे अनारसे तर मुळीच नकोत, ते दिवाळीपर्यंत तसेच राहतील. तू गूळच आण.