होळीचं सागवान

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥
करंजवाडी, ता. खानापूर
१७ मार्च १९७९

चि. जोतिबास मालूआक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण यंदा ते खोटं होईल. तुझ्या भाच्याला, भावकूला, पोलिसांनी धरून नेलं होतं. काल जामिनावर घरी आला.

होळीची रीत तुला सांगायला नको. पोरांनी लाकूड न विचारता आणायचं, ज्याचं गेलं त्यानं बोंब मारून गप्प बसायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात नारळ-पोळीचा प्रसाद पोचवायचा. तू तर आपल्या आप्पांच्याच गोठ्याचं दार जाळलं होतंस, आणि आप्पांनी प्रसादाची पोळी खाऊन तुला शाबासकी दिली होती. यंदा पोरांना काय हुक्की आली कोण जाणे. लोंढ्याच्या रस्त्याला लाकडाची नवी वखार झाली आहे, मालक परमुलखातला. तिथली सागवानी तुळई रात्रीत उचलली आणि होळीत घातली.

दुसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन कोण जावं? माझा शहाणा! अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेला आणि मालकाला म्हणाला, तुमचं लाकूड आमच्या होळीत लागलं, लई झकास जळलं. मालकानं पोळ्या ठेवून घेतल्या आणि पोलीस बोलावले.

वकील म्हणतो, तुळईची राख झाली, आता सरळ नाकबूल करा. होळीचा मान ज्यांचा ते मारुतीराव म्हणतात, पोरगा त्या रात्री शेतावर होता अशी सगळा गाव शपथ घेईल. तुझे दाजी गेल्यापासून मला हे एकच पोर आहे. तू हिंडलग्याच्या जेलवर नोकरीला आहेस, तुला हे कळतं. लवकर लिही.

तुझी आक्का

---

खासबाग, बेळगाव
२१ मार्च १९७९

ति. आक्कास जोतिबाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसलो. चोरी केली ते सांगायला प्रसाद घेऊन जाणारा चोर अख्ख्या जेलमध्ये शोधून सापडायचा नाही. मग तुझ्या भावजयीनं विचारलं, भावकूला शिक्षा झाली तर कुठं ठेवतील? तेव्हा हसू जागीच थांबलं.

आक्का, मी त्या दारावर इतकी वर्षं उभा आहे. किरकोळ चोरीत महिना-दोन महिन्यांसाठी येणारी तरणी पोरं रोज बघतो. येताना रडत येतात. जाताना कुलूप कसं काढायचं आणि बाहेर कुणाला भेटायचं हे शिकून जातात. गावात कुणी कामाला घेत नाही, मग तेच पोरगं हसत हसत परत आत येतं. त्यांची गिनती मी करतो. त्यात भावकूचं नाव पुकारायची वेळ आली तर माझ्याच्यानं व्हायचं नाही.

म्हणून वकिलाचं ऐकू नका. भावकूनं जे सांगितलं ते वखारीतल्या हमालांनीही ऐकलं असणार. शपथा खोट्या ठरल्या तर तो तर आत जाईलच, वर मारुतीरावही येतील, आणि त्यांना जेलची भाकरी पचायची नाही. कायद्यात प्रोबेशन म्हणून एक सोय आहे. पहिलाच गुन्हा असेल, कुणाला इजा नसेल, तर मॅजिस्ट्रेट तुरुंगात न घालता चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी सोडतात, आणि एक अधिकारी वर्षभर लक्ष ठेवतो. त्यासाठी खरं ते कबूल करून अर्ज द्यायचा.

खात्री मात्र देता येत नाही. मॅजिस्ट्रेट नाही म्हणाले तर कबुलीच गळ्यात येईल. तरी माझं मन हेच सांगतं.

तुझा जोतिबा

---

करंजवाडी
१० एप्रिल १९७९

चि. जोतिबास आशीर्वाद.

तुला काय, खाकी कपडे घालून दारावर उभं राहून सल्ले देता येतात! कबूल करायचं आणि सोडलं नाही तर? दोन दिवस मी तुझ्या नावानं बोटं मोडत होते. शेवटी भावकूच म्हणाला, आई, मी माझ्या तोंडानं सांगून आलोय, आता न्हाय कसं म्हणू? तिथंच सगळं मिटलं. अर्ज दिला.

काल प्रोबेशनचे साहेब चौकशीला आले. मोटारीतून उतरले ते सरळ माझ्या चुलीपाशीच. कानडीमिश्रित मराठीत सगळ्यांना विचारत होते. गाव घाबरून मागं सरला. मारुतीराव तर तुझ्या पत्रापासून रुसलेच होते. त्यांना साहेबांनी विचारलं, हा पोरगा आधीपासून चोर आहे काय? झालं! म्हातारा असा भडकला, की सगळं बोलून गेला. चोर कधी प्रसाद घेऊन जातो व्हय साहेब, म्हणाले, हे मीच त्यांना शिकवलंय, घालायचं तर मला आत घाला. साहेब हसलेही नाहीत. लिहून घेतलं, माझ्या हातचा चहा प्यायले आणि गेले. काय लिहिलं देव जाणे. पाच मेला निकाल आहे. तू येशील ना?

तुझी आक्का

---

खासबाग, बेळगाव
२८ एप्रिल १९७९

ति. आक्कास सा. नमस्कार.

रजा मिळाली नाही. पाच तारखेला माझी दारावरच ड्यूटी आहे. खानापूर कोर्टाकडून कैद्यांची गाडी संध्याकाळी येते. त्या गाडीतून कोण उतरतं हे बघायला मीच उभा असेन. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या दाराची भीती वाटते आहे. तुझ्या शिव्या मिळाल्या, आणखी असतील तर राखून ठेव.

तुझा जोतिबा

---

करंजवाडी
६ मे १९७९

चि. जोतिबास अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद!

गाडी रिकामीच आली असेल! तुझा भाचा माझ्यासमोर बसून फणस खातो आहे.

सगळा गाव कोर्टात लोटला होता. सरकारी वकील म्हणाले, याला सोडलं तर उद्या गावोगाव लोक होळीच्या नावानं वखारी लुटतील. बोलणं खोटंही नव्हतं. मॅजिस्ट्रेटनी साहेबांचा रिपोर्ट वाचला. मग मालकाला विचारलं, प्रसादाच्या पोळ्यांचं काय केलंत? तो खाली मान घालून म्हणाला, पोरांनी खाल्ल्या. सगळं कोर्ट हसलं.

मॅजिस्ट्रेट मात्र भावकूला नीट रागावले. रीत गावात चालते, दुसऱ्याच्या कमाईवर नाही, म्हणाले. मग तुरुंग नाही, एक वर्षाची हमी, महिन्याला साहेबांपुढं हजेरी. तुळईची भरपाई म्हणून भावकूनं दर रविवारी वखारीत लाकूड रचायचं, याला मालकही कबूल झाला. हमीला कोण, असं विचारल्यावर मी उठले. मारुतीराव उठले. मागं वळून बघते तर सगळी करंजवाडी उभी! शिपाई ओरडत होता, खाली बसा, कुणी बसेना. जोतिबा, मी तिथंच मोठ्यानं रडले आणि मला लाज वाटली नाही.

तुझं खरं झालं. एवढं एकदाच कबूल करते.

तुझी आक्का

---

खासबाग, बेळगाव
१९ मे १९८०

ति. आक्कास सा. नमस्कार, वि. वि.

वर्ष सरलं, भावकूची हमी सुटली, नावाला डाग नाही. यंदाच्या होळीला वखारवाल्यानं स्वतः गाडीभर लाकडाच्या ढलप्या पाठवल्या आणि बोंब मारायलाही आला, हे भावकूनं लिहिलं तेव्हा मी ते पत्र जेलभर वाचून दाखवलं.

आता एक अवघड गोष्ट. निपाणीकडचा भरमा नावाचा विशीतला पोरगा आमच्याकडे कच्चा कैदी आहे. बेळगावच्या बाजारातून सायकल उचलली, पहिलाच गुन्हा. प्रोबेशनचे साहेब म्हणतात, मॅजिस्ट्रेट सोडायला तयार आहेत, पण आई-बाप नाहीत, हमीला कुणी उभं राहत नाही. म्हणून आत. हल्ली तो रडायचा थांबला आहे, त्याचीच मला काळजी वाटते. परक्या पोराचं ओझं तुझ्यावर कसं टाकू? तरी लिहिल्यावाचून राहवलं नाही.

तुझा जोतिबा

---

करंजवाडी
१५ जून १९८०

चि. जोतिबास आशीर्वाद.

तुझं पत्र रवळनाथाच्या देवळात वाचलं. कुरकूर झाली. कुठला कोण, पळून गेला तर गावाचं नाक जाईल, असं चौघे बोलले. त्यावर भावकू एवढंच म्हणाला, माझ्या टायमाला तुम्ही बसला न्हाईत, आता बसता व्हय? मारुतीरावांनी फेटा मागवला आणि दुसऱ्या दिवशी बेळगावची गाडी धरली. पुढचं तू बघितलंसच, दार तूच उघडलंस.

भरमा पहिले काही दिवस उंबऱ्याबाहेर बसायचा. पाणीसुद्धा विचारून प्यायचा. भावकूबरोबर वखारीत जातो, गुपचूप येतो, ताटात पडेल ते खातो. काल माझा भात कच्चा राहिला तर माझ्यावरच चिडला, म्हणाला, आक्का, असला भात कुणी खायचा? भावकू त्याच्यावर धावून जाणार, तेवढ्यात मी त्याला थांबवलं. चुलीपाशी गेले, डोळे पुसले आणि पुन्हा भात घातला.

तुझ्या मोठ्या साहेबांना सांग, भरमाची जागा रिकामी झाली आहे. ती तशीच राहू दे.

लोभ आहेच, तो वाढव, आणि असं आणखी कुणी असेल तर कळव.

तुझी
मालूआक्का