गीताच्या पोथीचं उद्यापन

अलीगंज, लखनऊ
शनिवार, २७ ऑक्टोबर १९७९

रा. मधुसूदनराव यांस,
मालिनीकाकूचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. दिवाळी झाली, फराळाचे डबे तळाला गेले. शंकरपाळे तेवढे उरलेत. यंदा ते असे कडक झाले की पाहुण्यापुढे ठेवायची लाज वाटते आणि टाकून द्यायला जीव होत नाही. सकाळी धुकं पडायला लागलंय. माझे गुडघे बोलू लागले की थंडी आली समजायचं, स्वेटर मागाहून निघतात.

तुमचं पत्र जगदीशने बँकेतून आल्यावर हातात ठेवलं. तुम्ही लिहिता, सौ. गीताने चातुर्मासभर मौन धरून पोथी वाचली, पुढच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तिचं उद्यापन करायचं आहे, लखनऊतली सगळी मराठी घरं येतील आणि पोथीची पूजा माझ्या हातून व्हावी, कारण 'हा मार्ग तिला आपणच दाखवलात.' अगदी खरं. मार्ग मीच दाखवला. त्या मार्गाबद्दलच लिहायला बसले आहे. फोनवर बोलले असते, पण तुमचा फोन बैठकीत असतो आणि हे बैठकीत बोलायचं नाही.

थोडं मागून सांगते. म्हातारीला मधूनच सुरुवात करता येत नाही.

मी शाळेत गेले नाही. दिराची पुस्तकं चुलीपुढे धरून अक्षरं लावली. भाकरी करपायची, सासूबाई बोलायच्या, पण अक्षर लागायचं. पुढे कादंबऱ्या हाती आल्या आणि माझी मेलीची तहानभूक हरपली. ते वेड घरात कुणाला लागलं नाही, लागलं ते नयनाला. माझ्या जगदीशची ही मुलगी, शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, पण माझ्या मांडीवर बसून मराठी वाचायला शिकली. मंडळाचं पुस्तकांचं कपाट तुमच्या व्हरांड्यात. रविवारी सगळे पुस्तकं बदलायला यायचे, त्यात सर्वांत आधी दारात ही. वाचलेलं एकटीच्या पोटात तिला ठेवता येत नसे. आवडली कादंबरी की घातली आत चिठ्ठी, पुढच्या वाचणाऱ्यासाठी. 'ही जरूर वाचा. पहिले थोडी बोर आहे, पण नंतर तुमची सब्जी जळेल, माझी गॅरंटी.' 'यातला मामा एक नंबरचा बदमाश आहे, त्याच्यावर भरोसा ठेवू नका.' भाषा अशी खिचडी, पण बायका आधी चिठ्ठी शोधायच्या, मग पुस्तक न्यायच्या. ज्या घरांत नुसत्या भिशीच्या आणि लोणच्यांच्या गप्पा, तिथे कोण कुणाशी कसं वागलं यावर भांडणं व्हायला लागली. कादंबरीतल्या लोकांवरून, बरं का.

मग मागच्या वर्षीचा गणपती. तुम्ही विसरला असाल. हसणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि कार्यवाह म्हणून तुम्ही माइक घेतलात. "आता आपल्या मंडळाच्या थोर समीक्षक कुमारी नयना यांचे विचार ऐका." एकेक चिठ्ठी काढून वाचलीत, तिच्या आवाजाची नक्कल करून. 'सब्जी जळेल'ला हॉल हसला. हसू दे, मीही थोडी हसले. पण शेवटची चिठ्ठी तुमच्या बायकोसाठी होती. 'गीताकाकू, यातली बाई तुमच्यासारखी आहे. आधी खूप गायची, मग घरात कुणी ऐकेना म्हणून चुप झाली. शेवटपर्यंत वाचा. मी रडले, पण खुश होऊन.' तेव्हा हसण्याचा आवाज वेगळा झाला. सगळे वळून गीताकडे बघू लागले. ती प्रसादाची परात घेऊन तशीच उभी. आणि तुम्ही म्हणालात, "धड मराठी येत नाही आणि चालली दुसऱ्यांच्या बायका सुधारायला! यापुढे कपाट बंद. मुलांना कादंबऱ्या मिळणार नाहीत."

पोर पहिल्या रांगेत बसली होती. तिने मान वर केली नाही.

तुम्ही दुसऱ्या दिवशी भेटून म्हणालात, "काकू, मनावर घेऊ नका हं, गंमत केली." मी म्हटलं, छे छे, कसलं मनावर. आणि तुम्हाला चहा दिला. मधुसूदनराव, चहा देताना माझा हात जराही हलला नाही. तेव्हाच मला कळलं की हे मी सोडणार नाही.

आषाढात गीता आली. इकडचं तिकडचं बोलली आणि निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "काकू, त्या बाईचं पुढे काय झालं हो? पुस्तक यांनी हातातून काढून घेतलं, कपाटाची किल्लीही जानव्याला बांधून फिरतात." मी म्हटलं, सांगणार नाही. वाचायचं. तिचा प्रश्न जागेचा नव्हता, वेळेचा नव्हता, तुमच्या नजरेचा होता. त्यावर मीच तोड काढली. चातुर्मास लागत होता. म्हटलं, नेम धर. सकाळ-संध्याकाळ पोथी, सोवळ्यात, मौन धरून. अध्याय पुरा होईपर्यंत कुणी हाक मारायची नाही, पोथीला कुणी शिवायचं नाही.

कळलं का?

माझी भाची मृणाल इंदूरहून पार्सलने पुस्तकं पाठवते. अमीनाबादेत जाऊन लाल कापड मीच आणलं. पोथी लांबट, कादंबरी चौकोनी, म्हणून बासनात लांब पुठ्ठा घातला. दर सोमवारी माझ्या प्रसादाच्या डब्याखालून एक पुस्तक तुमच्या घरात जायचं आणि वाचलेलं परत यायचं. चार महिने तुमच्या देवघरात एकही पोथी उघडलेली नाही. चार महिने तुम्ही आपला चहा आपल्या हाताने केलात, कप वाजू नये म्हणून बशी न घेता प्यायलात. इन्स्टिट्यूटला जाताना ज्या बासनाला रोज हात जोडत होता, त्यात श्रावणात एका तमासगिरिणीची कादंबरी होती. प्रमोशनचा अर्ज ज्या दिवशी त्याला टेकवलात, त्या दिवशी आत नवऱ्याला सोडून निघालेली एक मास्तरीण होती. प्रमोशन झालं, तिचे उपकार विसरू नका.

मागे तुम्ही मला म्हणालात, "काकू, तुमच्या संगतीने गीता निवळली. आता उलटून बोलत नाही." बोलेल कशी? पान अर्धं राहिलं असतं.

तेव्हा उद्यापनाचं तुमचं पत्र म्हणजे मला आयतं ताट वाढून आलं. ठरवलं होतं, भरल्या हॉलमध्ये, हळदकुंकू वाहून झालं की बासनाची गाठ सोडायची. तुमचं तोंड कसं होईल ते मी मनात किती वेळा बघितलं, सांगत नाही. पण गीताला बोलले तेव्हा ती म्हणाली, "काकू, मागच्या वेळी तुम्ही यांच्याकडे बघत होतात. लोक बघत होते माझ्याकडे. परत नको." बाई बरोबर बोलली. तिला पुन्हा परात धरून उभी करायची नाही. म्हणून हे पत्र.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. त्या गणपतीपासून नयनाने मराठी अक्षर वाचलेलं नाही. वाचणं सोडा, माझ्याशी बोलतही नाही मराठीत. मी विचारते, "बाळ, जेवलीस का?" तर म्हणते, "हाँ दादी, खा लिया." मी पुस्तक पुढे केलं तर, "दादी, मुझे ठीक से नहीं आती. रहने दीजिए." रागाने नाही हो, अदबीने म्हणते, परक्या घरच्या म्हातारीशी बोलावं तसं. या गावात माझ्याशी वाचलेल्याबद्दल बोलणारं एकच माणूस होतं. ते तुम्ही माइकवरून नेलंत.

तर असं करायचं. उद्यापन होईल. लोक येतील, जेवतील. चौरंगावर पोथी नसेल, कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही बघा, बोलण्यात तुम्ही हुशार आहात. तुम्ही त्याच माइकवर उभं राहायचं, नयनाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं की मी या मुलीला भर सभेत हसलो, तो माझा हलकटपणा होता. हलकटपणा हाच शब्द. 'गैरसमज', 'गंमत' चालणार नाही. मग कपाटाची किल्ली तिच्या हातात. ती हॉलमध्ये यायला तयार नसेल तर आमच्या दारात येऊन द्यायची, सगळ्यांना बरोबर घेऊन.

गीताला याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. हे पत्र आत्ताच हातोहात पाठवते; ती आज माझ्याकडे आहे, आतल्या खोलीत बसून शेवटची प्रकरणं वाचते आहे. संध्याकाळी घरी येईल. 'झालं का वाचून?' एवढंच विचारा, ते तुम्ही आजवर कधी विचारलं नाहीत.

आणि हे केलं नाहीत तर गाठ मी सोडेन. गीताच्या घरात नाही, हॉलमध्ये नाही, तुमच्या इन्स्टिट्यूटच्या स्टाफ क्लबात, जिथे फक्त तुम्हाला ओळखतात आणि गीताला कुणी ओळखत नाही. तुमच्या डायरेक्टरसाहेबांच्या पत्नी माझ्याकडून लोणचं नेतात. गोष्ट सांगायला मला हिंदीही चांगली येते.

माझी क्षमा मागायला येऊ नका. नयना मोठ्या मनाची आहे, ती देईल. माझ्याकडे ती शिल्लक नाही, आणि तुम्ही माइकवर कितीही गहिवरलात तरी ती उगवायची नाही. पोर पुन्हा वाचू लागेल की नाही, हे मला ठाऊक नाही. नाही लागली तर रोज सकाळी उठून मी तुमचं नाव घेईन, आणि तो जप नसेल.

रविवारी मी पहिल्या रांगेत बसेन. तुम्ही बोलताना माझ्याकडे बघू नका, तिच्याकडे बघा. तुमच्याकडे बघायला मी आहे.

नयनाची आजी,
मालिनी