पाण्याने कापलेला दगड

३ फेब्रुवारी

चिमणी आज नाचतच लॅबमधल्या माझ्या दगड कापायच्या खोलीत आली. तीन वर्षं संशोधन करते आहे, पण उड्या शाळेतल्या पोरीसारख्या. "मावशी, मीठ नाही! एक कणसुद्धा नाही."

म्हणजे त्या काळ्या अशनीत, आकाशातून पडलेल्या दगडात. त्याच अशनीच्या तुकड्यांत बाकीच्या लॅबना मीठ सापडलं. ज्या लघुग्रहावरून तो सुटून आला तिथलं पाणी आटलं, मीठ मागे राहिलं, असं सगळे म्हणतात. आमच्या तुकड्यात पाण्यामुळे तयार झालेली चिकणमाती भरपूर, मीठ शून्य. "आपल्या भागातलं पाणी आटलंच नाही, खोल मुरलं," असं तिचं म्हणणं. तिचे मार्गदर्शक सरही खूश. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच.

मी हसले. तो तुकडा मी कापला होता. पाण्याने.

४ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. अशनीला पाणी लावायचं नाही, पातं गार ठेवायला स्पिरिट वापरायचं — सव्वीस वर्षं मीच सगळ्यांना बजावत आले. जूनमधला तो दिवस. आईला ऑपरेशनला आत नेत होते, ताईचे फोनवर फोन, स्पिरिटचा डबा रिकामा. अर्ध्या तासाचं तर काम, म्हणून नळाचं पाणी घेतलं. कापला, घासला, पुसला, निघाले.

आई बरी झाली. दगड डोक्यातून गेला.

७ फेब्रुवारी

चिमणी दिसली की कटर चालू करते, म्हणजे बोलावं लागत नाही.

९ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. "सव्वा वर्षाने निवृत्त होशील. तुला कुणी विचारलंय? नाही ना, मग," म्हणाले आणि पेपर पुन्हा उघडला. पान काही उलटलं नाही. थोड्या वेळाने स्वतःच — "ती पोर हे चार लोकांपुढे उभं राहून वाचणार का?"

हो म्हटलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

१२ फेब्रुवारी

नखाएवढा तुकडा उरला होता. आज स्पिरिटवर कापला. मायक्रोस्कोपखाली जांभळट, चौकोनी कण. मीठच. मग जुनी स्लाइड लावली. तिथे तेवढेच चौकोनी खड्डे — रिकामे. कोट्यवधी वर्षं टिकलेलं मी अर्ध्या तासात धुऊन टाकलं.

१३ फेब्रुवारी

चिमणीला दोन्ही स्लाइड दाखवल्या. काय झालं ते सांगितलं, आईचं सोडून. ती सबब वाटली असती.

बराच वेळ डोळा मायक्रोस्कोपला लावून बसली. मग म्हणाली, "या खड्ड्यांना मी भेगा समजत होते." आणि दारात थांबून — "तीन वर्षं, मावशी." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. सरांना मी सांगते म्हटलं, पण तोवर ती जिना उतरून गेली होती.

१४ फेब्रुवारी

सर बाहेरगावी. मंगळवारी येणार. चिमणी समोरून गेली, मान वर केली नाही.

१६ फेब्रुवारी

तिचं टेबल आवरलेलं. फोन उचलत नाही. माझ्या तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द ऐकायची ही पोर — आता मी कुणीच नाही तिची. बरोबरच आहे.

१७ फेब्रुवारी

सरांच्या खोलीत गेले. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "कळलं मला. शुक्रवारी संध्याकाळीच तिचा फोन आला होता. घाईत तिनेच तो तुकडा पाण्याने कापला म्हणे. मावशींना काही माहीत नाही, त्यांना विचारू नका म्हणाली. चूक तिचीच म्हटल्यावर आता प्रबंधाला मुदतवाढ कशी द्यायची?"

मी खुर्ची ओढून बसले. "सर, जूनमधल्या त्या आठवड्यात ती रजेवर होती. तो दगड मी कापला."