मीठ सोडलंत, आणि खारा बांगडा?

लीड्स, ४ मार्च १९९४

तीर्थरूप बाबा,
तुमच्या सुजलेल्या पायांना इथूनच नमस्कार. सूज सकाळी उतरते ना?

मी मजेत आहे. आमच्या प्रयोगशाळेत एंडोथेलिन नावाच्या, शरीरातच तयार होणाऱ्या एका द्रव्यावर काम चालतं. तुमच्यासारख्या आजारात ते मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि दाब वाढून आतली गाळणी फाटते. ओहोटीत जाळ्याचं मागचं तोंड आवळलं की वीण फाटते, तसंच. चेंदणीच्या खाडीत तुम्हीच दाखवलेलं, म्हणून मला चटकन कळलं.

त्याला रोखणारं औषध मात्र अजून उंदरांपर्यंतच आलंय.

आई लिहिते, तुम्ही मीठ सोडलंत, पण रोज खारा बांगडा खाता. म्हणता, "तो मासा आहे, मीठ नव्हे." अहो बाबा!

आईने खारा बांगडा विकूनच मला शिकवलं, ते विसरले नाही. पण आता तो फक्त विकायलाच ठेवा. औषध यायला वर्षं लागतील. तोवर तुम्ही थांबायचं.

तुमचीच,
मंजुळा