गालाने दिल्या गेलेल्या संमतीबाबत

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
वाणी-साहाय्य उपकरण मंडळ, दक्षिण विभाग,
इन्व्हरकार्गिल.

विषय : माझ्या संगणकावरील मुक्त प्रणाली काढून मंडळाची मान्यताप्राप्त प्रणाली पुन्हा बसवण्यासाठी योजलेली भेट रद्द करणे, व माझ्या नावे नोंदलेली संमती खोडणे.

संदर्भ : आपले पत्र, ज्यात मला ‘समाधानी लाभार्थी’ म्हटले आहे.

महोदय,

आपले पत्र पोचले. माझी पत्नी नोएलीन हिने ते मला दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा समजावे म्हणून, दुसऱ्यांदा विश्वास बसावा म्हणून.

आपल्या दप्तरात मी एक क्रमांक आहे, तेव्हा आधी ओळख देतो. ग्लेनटॅराच्या मेंढीबाजारात मी जन्मभर लिलाव पुकारला. बोलणे हाच माझा धंदा, आणि तो मी अशा वेगाने करत असे की उत्तरेकडून आलेले खरेदीदार नाकावरची माशी हाकलायलाही घाबरत. हात हलला की वाडगंभर, म्हणजे एका कुंपणातल्या सगळ्या, मेंढ्या त्यांच्या गळ्यात. पुढे स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने माझे हात नेले, मग पाय, मग जीभ. उजव्या गालातला एक स्नायू तेवढा त्याच्या तावडीतून सुटला. त्या गालाशी एक बटण टेकवलेले असते. पडद्यावर अक्षरे एकामागून एक उजळत जातात, हवे ते अक्षर उजळले की मी गाल फुगवतो. हा अर्ज त्याच गालाने लिहिला आहे. यातला शब्द न् शब्द मला महाग पडतो, तरी आपल्यासाठी मी काटकसर केलेली नाही, याची नोंद व्हावी.

मंडळाने मला प्रथम जे यंत्र दिले, त्याबद्दल आभार मानण्याची पद्धत आहे म्हणून मानतो. त्यातली बाई बँकेच्या फोनवर ताटकळत ठेवणाऱ्या बाईसारखी बोलत असे. आमच्या मुलखात ‘र’ म्हणताना जीभ टाळूवर नाचते. आपल्या बाईचा ‘र’ कढत बटाटा तोंडात धरल्यासारखा. तेही मी सोसले असते. पण बोलण्यापूर्वी ही बाई दर खेपेस इंटरनेटवरून स्वतःचा परवाना तपासून घेई, आणि आमच्याकडे दक्षिणेचा वारा सुटला की तार पडते. मग मला तहान लागलेली असो की पायात गोळा आलेला असो, पडद्यावर एकच ओळ : ‘परवाना तपासता आला नाही. कृपया नंतर प्रयत्न करा.’ स्वतःच्या घरात पाणी मागण्याचा परवाना लागतो हे मला सत्तरीत कळले.

शेजारच्या तुई पराता, ज्या गावच्या शाळेत गणित शिकवतात, त्यांनी हा प्रकार पाहिला आणि आपल्या मंडळाला उद्देशून एक शब्द वापरला. तो अर्जात बसत नाही. त्यानंतर त्या शाळेतून बाद झालेला एक संगणक घेऊन आल्या. त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवायची, सगळी सॉफ्टवेअर फुकट आणि उघडी, न आवडेल ते आपल्या हाताने बदलायचे, असा त्यांचा बेत. तुई जमिनीवर बसून तारा जोडत होत्या आणि नोएलीन पडद्यावरचे वाचून सांगत होती.

“अगं, हे विचारतंय की आतलं सगळं पुसू, खात्री आहे का? काय सांगू?”

“हो म्हण. लग्नात म्हणालीस तसं, विचार न करता.”

सुरळीत काहीच झाले नाही, हे मी कबूल करतो. माझ्या गालाच्या बटणाला संगणक व्हिडिओ गेमचा दांडा समजला आणि मी गाल फुगवला की पडद्यावरचा बाण कोपऱ्यात पळून जाई. आवाज चालू झाला तो स्वयंपाकघरातल्या टीव्हीतून. तुईंनी कुठल्याशा मदतमंचावर प्रश्न टाकला, तर फिनलंडमधल्या एका अनोळखी माणसाने उत्तर दिले की अमुक फाइलीत एक स्वल्पविराम राहिला आहे. मंडळाच्या मदतवाहिनीवर मी ऐकलेल्या सगळ्या संगीतापेक्षा तो एक स्वल्पविराम मोलाचा होता.

मग उच्चारांची फाइल उघडून तुई माझा ‘र’ घडवू लागल्या. नोएलीन डोळे मिटून ऐके. “छे, हा तर ऑकलंडचा कुणी दलाल वाटतोय.” तुई काही बदलत. “आता दारू प्यायलाय.” तुई पुन्हा बदलत. एके दुपारी मी गालाने लिहिले आणि यंत्र बोलले : “नोएलीन, चहा गार झाला, राणी.” तिने चहाकडे पाहिलेसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तुई म्हणाल्या, “झालं. हाच तो खडूस.”

त्या यंत्रावर मी पुढचे काही महिने बोललो, भांडलो, आणि एक भाषण लिहायला घेतले. माझा थोरला भाऊ लॅकलन त्या वेळी अंथरुणाला खिळला होता. त्याने मला सांगून ठेवले होते, “माझ्या वेळेला चर्चमध्ये तूच बोलायचंस. खोटं बोलू नकोस, पण सगळं खरंही सांगू नकोस.” दोन्ही सांभाळणे कठीण असते. मी सावकाश लिहीत होतो.

आता आपले तंत्रज्ञ श्री. क्रिस्पिन हॉलोवे यांच्या भेटीकडे वळतो. मेंढ्या वितात ते दिवस होते. नोएलीन मागच्या कुरणात एका अडलेल्या मेंढीपाशी कोपरापर्यंत गुंतलेली. श्री. हॉलोवे यांनी कुंपणावरूनच तिला सांगितले, “पाच मिनिटांचं काम आहे, मॅडम, तुम्ही चालू द्या.” घरात येऊन त्यांनी माझे यंत्र पाहिले आणि उंदीर पाहिल्यासारखा चेहरा केला. “अरेरे, हे कुणी करून दिलं तुम्हाला?” असे त्यांनी मला जोरात, एकेक शब्द सुटा करून विचारले. मी मुका झालो आहे, महोदय, बहिरा नाही. “मी हे काढून आपलं नेहमीचं बसवतो. चालेल ना?”

मी उत्तर लिहायला घेतले. मला लिहायचे होते, ‘हात लावू नको.’ गालाने वाक्य लिहायला वेळ लागतो, आणि श्री. हॉलोवे यांना त्यांचा पेन ड्राइव्ह खुपसायला जागा हवी होती. त्यांनी माझ्या बटणाची तार उपटली. त्या क्षणी पडद्यावर जे उमटले होते ते असे : ‘हात लाव’.

“थँक यू,” असे ते म्हणाले, आणि त्यांनी हात लावला.

आपल्या नोंदीत यालाच ‘लाभार्थ्याची लेखी संमती’ म्हटले आहे. पडद्याचा फोटोही जोडला आहे, हे त्यांच्या चोखपणाचे लक्षण. मी खुर्चीत बसून सगळे पुसले जाताना पाहिले. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली. अडवण्यासाठी माझ्यापाशी गाल होता, आणि त्याची तार श्री. हॉलोवे यांच्या बुटाखाली होती.

नोएलीन हात धुऊन येईपर्यंत गाडी फाटकाबाहेर पडली होती. संध्याकाळी वारा सुटला, तार पडली, आणि बाईंचा परवाना तपासता येईना. तार जोडली गेली तेव्हा कळले की परवाना मंडळाच्या जुन्या, आता बंद पडलेल्या यंत्राच्या नावावर आहे, आणि तो नव्याच्या नावावर करण्यासाठी लाभार्थ्याचा अर्ज हवा. नोएलीनने आपल्या कार्यालयाला फोन लावला. आपल्याकडील मुलगी गोड बोलली, हे मान्य केले पाहिजे.

“मॅडम, तक्रार लाभार्थ्याने स्वतः बोलून नोंदवावी लागते. त्यांना फोन देता का?”

“अहो, त्यांना बोलता येत नाही!”

“बरं, मग बोलता यायला लागलं की करा.”

“बाई, बोलता येत नाही हीच तक्रार आहे!”

“मी तशी नोंद करते,” असे ती म्हणाली. नोंद काय झाली, तर ‘लाभार्थी बोलण्यास अनुत्सुक’. तुईंना तेव्हाच बोलावले असते, तर वेळ वाचला असता. पण त्या शाळेच्या मुलांना घेऊन उत्तर बेटावर गेल्या होत्या. दुसऱ्या कुणी यंत्राला हात लावला, तर मंडळाचे साहाय्य बंद होईल, असे आपल्याच कार्यालयातल्या त्या मुलीने बजावलेही होते. आम्ही भ्यालो, हेही लिहून ठेवतो. गोठवलेले जुने मांस आणि सरकारी मदत, दोन्ही टाकून द्यायला माणसाला उशीरच होतो.

त्या आठवड्यात लॅकलन गेला.

चर्च भरले होते. पाद्रीबाबांनी माझे नाव घेतले. नोएलीनने माझी खुर्ची पुढे नेली आणि पुठ्ठ्यावर लिहिलेली मुळाक्षरे माझ्यापुढे धरली. ती अक्षरांवरून बोट फिरवी, हवे त्यावर मी गाल फुगवी, आणि ती ते अक्षर मोठ्याने वाची. बाहेर बायांनी भाजलेले चीज रोल गार होत होते, आणि जन्मभर मला ‘दम घे रे जरा’ म्हणणारी माणसे माझ्या एकेका अक्षरासाठी ताटकळत होती. नोएलीनचा हात दुखून खाली येईपर्यंत एक वाक्य झाले. तिने ते सलग वाचले : “लॅकलनला मेंढ्यांमधलं काही कळत नव्हतं, माणसांमधलं कळत होतं.” लोक हसले, आणि मग हसायचे थांबले. मला आणखी बरेच म्हणायचे होते. ते सगळे श्री. हॉलोवे यांच्या अहवालात ‘अनावश्यक फाइली काढून जागा मोकळी केली’ एवढ्या शब्दांत आले आहे. माझ्या भावाचा इतका आटोपशीर मृत्युलेख दुसऱ्या कुणाला जमला नसता.

तुई परतल्या, चर्चची हकीकत ऐकली आणि ओट्यावर डोके टेकून बसल्या. “प्रत नाही ठेवली मी. पोरांना रोज ओरडते, प्रत ठेवा, प्रत ठेवा. आणि मी!” मग उठल्या आणि पहिल्यापासून सगळे पुन्हा बसवले. बटण, आवाज, तो स्वल्पविराम. ‘र’ मात्र पूर्वीसारखा जमला नाही. आता तो जरा घशातून येतो. नोएलीन म्हणते, सर्दी झाल्यासारखा वाटतोस. भाषण मी पुन्हा लिहायला घेतले नाही.

आणि आता, इतक्या महिन्यांनी, आपले पत्र : माझ्या घरी अमान्य प्रणाली आढळल्याचे कळते, संमती दप्तरी असल्याने नव्याने विचारण्याची आवश्यकता नाही, श्री. हॉलोवे बारा फेब्रुवारीस येऊन सर्व पूर्ववत करतील.

महोदय, आपण कोणते ‘पूर्व’ म्हणता, हे मी विचारत नाही. माझी विनंती एवढीच की ती संमती खोडावी. ते जमत नसेल, तर माझे नाव खोडावे. मंडळाचे साहाय्य मी आजपासून सोडत आहे. इतके दिवस ज्याच्या भीतीने गप्प राहिलो ते साहाय्य मला गप्प ठेवण्यापलीकडे काय करत होते, हे मला आठवत नाही. आपले यंत्र नोएलीनने लोकरीत गुंडाळून खोक्यात भरले आहे. लोकर परत पाठवण्याची गरज नाही. ती चांगल्या प्रतीची आहे, कार्यालयात कुणाच्या तरी कानात बोळा घालायला उपयोगी पडेल.

श्री. हॉलोवे यांनी तरीही बारा तारखेस येऊ नये. मी घरी नसेन. त्या दिवशी ग्लेनटॅराला मेंढ्यांचा मोठा बाजार आहे, आणि माझ्या जागी आता जो लिलाव पुकारतो, तो कीरन परवा येऊन म्हणाला, “ड्युगल्ड, तुझा वेग आता असा आहे की कंटाळूनच खरेदीदार भाव वाढवतील. पहिलं वाडगं तू पुकार.” तुई यंत्र गाडीच्या बॅटरीवर जोडून देणार आहेत. पहिल्या वाडग्यात लॅकलनच्या मेंढ्या आहेत. वहिनीला त्या आता झेपत नाहीत. त्या बऱ्या किमतीला जायच्या तर त्यांच्या मालकाबद्दल चार शब्द बोलावे लागतील, आणि ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाहीत.

मला त्या दिवशी काम आहे.

आपला, अद्याप बोलत असलेला,

ड्युगल्ड मॅकआयव्हर
(सही नोएलीन मॅकआयव्हर हिने माझ्यासमोर, मी गाल फुगवल्यावर केली.)

ग्लेनटॅरा, साउथलंड
४ फेब्रुवारी

सोबत : मंडळाचे यंत्र, एक, बाईसह.